काचेची पेटी आणि तिची बैठक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पत्र घातले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही मजुरी, बोनस किंवा संप ह्यांपैकी कशावर तरी बोलावे. आम्ही उलट टपाली विषय कळविला: ‘घरातली मोठी मत्स्यपेटी सपाटीला कशी बसवावी’. दुसऱ्याच दिवशी चिटणीस आमच्या कचेरीत आले. पाणी प्याले, चहा प्याले, आणि मग हळूच विचारते झाले, ‘भाऊ, पत्र दुसऱ्या कोणाचे तर आमच्या पाकिटात पडले नाही ना?’ (हशा) पत्र आमचेच होते आणि विषयही आमचाच आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून ह्या व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि बांधकामाच्या पहाडावर उभे राहून झाले. तेव्हा आम्ही आज जे सांगणार, त्यातले थोडे पुस्तकातले आहे आणि बरेचसे गवंड्यांनी शिकविलेले आहे. चूक असेल ती आमची समजावी.

माशांची काचपेटी म्हणजे श्रीमंतांचा षोक, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते उघडले, तेव्हा गिरणीकामगारही पोरांना खांद्यावर घेऊन ते पाहायला गेले. पाण्यातला जीव जवळून पाहावा ही इच्छा सर्वांनाच असते. आता वाशीम, कारंजा, रिसोड इथल्या घरांतूनही ही पेटी आली आहे. लोक तिला फिश टँक म्हणतात. पेटी आणायला आमची हरकत नाही. ती कशावर ठेवायची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी हिशेब करू. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी धरा. गुणाकार केला की वीस घनफूट होतात. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे पेटी काठोकाठ भरली तर ५६६ लिटर. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा साडेपाच क्विंटलांहून जास्त वजन नुसत्या पाण्याचे झाले. काच बारा मिलिमीटर जाडीची असेल तर तिचे क्विंटलभर. तळाशी दोन इंच वाळूखडी पसरली तर पाऊण क्विंटल. त्यात लोखंडी स्टँड मिळवा. सारे मिळून आठ क्विंटलांच्या घरात जाते.

आमच्या हमाल बंधूंना विचारा. बाजारसमितीच्या आवारात सोयाबीनची थप्पी लावताना हमाल पहिल्या थराला सर्वांत जास्त वेळ देतो. पहिला थर वाकडा लागला, तर वरची सारी पोती वाकडी जातात आणि एक दिवस कोणाच्या तरी अंगावर येतात. पोते घसरले तर उचलून परत लावता येते. काचेला ती सोय नाही. आणि तरीही क्विंटलाच्या आठ पोत्यांइतके ओझे आपण बैठकीच्या खोलीत दहा चौरस फुटांवर ठेवतो, आणि खालची जमीन नुसती डोळ्यांनी पाहतो.

आता आम्हांला हा विषय का सुचला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ह्याच जिल्ह्यातले एक घर. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. शेताचे प्लॉट पडले, त्यांतल्या एकावर नवे घर उठले. आमच्या संघटनेतला एक मिस्त्री, दोन गवंडी आणि एक रेजा ह्यांनी ते काम केले. उन्हाळ्यात फरश्या झाल्या आणि मालक राहायला आले. घरातल्या मुलाला माशांची आवड. वैशाखात पाच फुटी पेटी आली. पुढे पावसाळ्यात ह्याच टोळीने आवाराची भिंत बांधली. त्या कामाची पंधरवड्याची मजुरी घ्यायची राहिली होती. अशात श्रावणातल्या एका रात्री पेटीचा सांधा फाटला आणि समोरची काच तडकली. साडेपाचशे लिटर पाणी खोल्याखोल्यांतून वाहिले, धान्याची पोती भिजली, मासे फरशीवर तडफडून मेले. मुलगा दोन दिवस जेवला नाही, असे आम्ही ऐकले.

मालकांनी निदान केले: फरशी वाकडी, म्हणून पेटी फुटली. फरशी कोणी घातली? मिस्त्रीने. तेव्हा चौघांची मजुरी बंद. पोळा तोंडावर आलेला. रेजाबाई आमच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘मासे मेले त्याचं वाईट वाटलं, भाऊ. पर म्या तं घमेले वाह्यले. माह्या घमेल्यानं काच कशी फुटीन?’

आम्ही काय केले, ते सांगायला लाज वाटते. पण सांगितले पाहिजे. आम्ही कागद ओढला आणि मालकांच्या नावाने दोन पाने खरमरीत मजकूर लिहिला. पिळवणूक, दडपशाही, सारे शब्द त्यात आले. मजुरी अडवणे अन्यायाचे होतेच. त्याबद्दल आजही आमचे मत बदललेले नाही. पण त्या पत्रात आम्ही असेही लिहिले की, फरशीत तिळमात्र दोष नाही. हे आम्ही कशावरून लिहिले? फरशी आम्ही पाहिलीही नव्हती. आमचा माणूस म्हणून ती सरळ, असा आमचा न्याय. मालकांचा न्याय, आमचा माणूस नव्हे म्हणून ती वाकडी. दोन्ही न्याय एकाच मापाचे होते.

मिस्त्रीने ते पत्र वाचून घेतले आणि घडी करून परत दिले. म्हणाला, ‘भाऊ, आधी पाणसळ लावू द्या, मंग भांडा.’

पाणसळ ह्या शब्दातच पाणी आहे. हल्ली पुष्कळ लोक तिला लेव्हल म्हणतात. गवंडी जी वापरतो ती साधी पारदर्शक नळी असते, तीस-चाळीस फूट लांब. तिच्यात पाणी भरायचे आणि दोन माणसांनी दोन टोके धरायची. मधे भिंत असो, दरवाजा असो, नळी कशीही वळलेली असो. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीला येऊन उभे राहते. धरणाऱ्याची जात, हुद्दा, पक्ष ह्यांचा पाण्यावर काही परिणाम होत नाही. मात्र तीन पथ्ये आहेत. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की नळी खोटे सांगते. नळी कुठे मुडपलेली नसावी. आणि वाचताना दोन्ही तोंडे उघडी असावीत. अंगठा दाबून धरला आणि उचलायचा विसरला, तर पाणी हलतच नाही, आणि माणूस समजतो की सपाटी मिळाली.

ही युक्ती आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये विट्रुव्हियस नावाचा स्थापत्यकार होऊन गेला. पाण्याचे पाट काढण्यासाठी लागणाऱ्या वीस फुटी बाकासारख्या साधनाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्या बाकाला ओळंबे लावलेले असत. वाऱ्याने ओळंबे हलू लागले, तर बाकाच्या पाठीवर पाच फूट लांबीची खाच असे, तिच्यात पाणी ओतून सपाटी पाहायची. काचनळीतल्या बुडबुड्याची पाणसळ पुढे १६६१ च्या सुमारास फ्रान्सच्या तेव्हनो ह्या गृहस्थाने काढली. तीच आज गवंड्याच्या पिशवीत आहे आणि मोबाईलमध्येही तिची नक्कल येऊन बसली आहे.

ह्या बुडबुड्याच्या पाणसळीची एक परीक्षा मिस्त्रीने आम्हांला शिकविली, ती प्रत्येकाने शिकण्यासारखी आहे. पाणसळ एका जागी ठेवावी आणि बुडबुडा कुठे आहे ते पाहावे. मग तिची टोके उलटी करून, म्हणजे डावे टोक उजवीकडे नेऊन, त्याच जागी पुन्हा ठेवावी. बुडबुडा पहिल्याच ठिकाणी आला तर पाणसळ खरी. दुसरीकडे सरकला तर दोष पाणसळीत आहे. जमिनीला वाकडी म्हणण्यापूर्वी पाणसळ उलटी करून पाहावी, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

तर आम्ही सारे त्या घरी गेलो. मालक प्रथम दारातच उभे राहिले. मिस्त्रीने चप्पल बाहेर काढली आणि म्हणाला, ‘शेठ, भांडायला नाही आलो. नळीचं एक टोक तुम्हीच धरा.’ मालकांनी धरले. भांडणाच्या वेळी दुसऱ्या बाजूच्या हातात मापाचे एक टोक द्यावे, हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

स्टँडच्या चार पायांचे डाग फरशीवर दिसत होते. त्या चारही ठिकाणी माप घेतले. गवंडी सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. पहिली गोष्ट अशी निघाली की, पाच फुटांत दोन सूत ढाळ दरवाजाकडे होता. मालक एकदम म्हणाले, ‘पाहा!’ मिस्त्री म्हणाला, ‘शेठ, हा ढाळ तुम्हीच मांगितला. फरशी धुतल्यावर पानी बाहेर निंघालं पायजे म्हणून.’ घरातल्या बाईंनी आतून सांगितले, ‘हो, आम्हीच सांगितलं होतं.’ आपल्याकडच्या फरश्या मोरीकडे किंवा दाराकडे मुद्दाम ढाळलेल्या असतात. त्या दृष्टीने पुरती सपाट फरशी हीच सदोष फरशी. तेव्हा घर चांगले बांधले असले तरी जमीन पेटीसाठी सपाट असेल, असे कधीच धरून चालू नये.

दुसरी गोष्ट गंभीर होती. चार ठिकाणांपैकी तीन त्या ढाळात बरोबर बसत होती. चौथे, बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्याचे, सूतभर वर होते. शिवाय त्या पायाखाली फरशीची दोन सुताची कपची तशीच पडलेली होती. वैशाखात पेटी बसविणाऱ्याला तो पाय अधांतरी दिसला, म्हणून त्याने कपची सारली होती. म्हणजे वैशाखात तो कोपरा खचलेला होता आणि श्रावणात वर आला होता. कपची मात्र होती तिथेच राहिली. सूतभर जमिनीचे आणि दोन सूत कपचीचे, असा एक पाय तीन सूत उंच झाला.

जमीन वर कशी आली? वाशीमकरांना हे सांगायला नको. आत्ता ह्या सभेतून बाहेर पडून एखाद्या शेतात जा. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या असतील. ह्या मातीत चिकणमातीचा एक प्रकार आहे, तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतात, आणि जमीन नुसती मिटत नाही, उचलतेही. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक कट्टी ह्यांनी ह्या मातीचा पुष्कळ अभ्यास केला, आणि तिच्यावर न फुगणाऱ्या मातीचा चांगला दडपलेला थर घालावा म्हणजे तिचे उचलणे आवरते, असे दाखवून दिले. आपले जुने लोक जोत्यात मुरूम भरून धुम्मस मारीत, त्याच्याशी हे जुळणारेच आहे.

मिस्त्रीने कोपऱ्यातल्या दोन फरश्या उचलल्या. खाली मुरूम नव्हता. पाया खणताना निघालेली काळी माती परत आत लोटलेली होती. आणि भिंतीबाहेर नेमकी तिथेच गच्चीच्या पाण्याची नळी पडत होती. भिंतींना कुठे तडा नव्हता, कारण त्या खोल पायावर उभ्या होत्या. फरशी मात्र भरावावर होती, आणि भराव फुगला होता.

आता दोष कोणाचा? मालक म्हणाले, ‘मुरमाचे पैसे वाचवा, असे मी म्हणालो होतो.’ मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी नाही म्हटलं होतं. पर एकदाच म्हटलं. दुसऱ्या डाव म्हणायला पायजे होतं, नाहीतर काम सोडायला पायजे होतं.’ पेटी बसविणाऱ्याने चारही पाय न तपासता कपची सारली. आणि आम्ही फरशी न पाहता दोन पाने लिहिली. रेजाबाईंचा मात्र खरोखरच काही दोष निघाला नाही.

तडजोड त्याच दिवशी झाली. चौघांची पूर्ण मजुरी मालकांनी पोळ्याआधी दिली. मुरूम मालकांनी आणला; कोपरा उकरून, मुरूम भरून, धुम्मस मारून फरशी पुन्हा बसविण्याचे काम टोळीने दोन दिवस बिनमजुरीने केले. गच्चीची नळी बाजूला वळविली. आमचे पत्र आम्ही घरी आणून फाडले.

ह्या प्रकरणात एक प्रश्न आमच्या मनात राहिला होता. पाव-अर्धा इंच वाकडेपणाने एवढी काच फुटावी का? ह्याचे उत्तर शोधताना आम्हांला एक भेद समजला. कलणे वेगळे आणि पिळणे वेगळे. पाण्याचा काचेवरचा दाब खोलीवर अवलंबून असतो. दोन फूट खोल पाण्यात एक टोक अर्ध्या इंचाने खाली असले, तर त्या टोकाला तळाशी दाब अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याने वाढतो. तेवढे चांगली काच सोसते. पाणी तिरके दिसते, डोळ्यांना खुपते, एवढेच. म्हणून कल असू द्यावा असे नाही. पण पेटी फोडणारा खरा वैरी म्हणजे पीळ.

पीळ म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसणे. तिपाई कधी डुगडुगत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू एका पातळीत बसतातच. चौथा पाय आला की भांडण आले. बाज डुगडुगली तर आपण पायाखाली कागदाची घडी सारतो आणि झोपतो. दोरी आणि लाकूड सोसून घेतात. हलका लोखंडी स्टँड भार पडला की जमिनीप्रमाणे पिळवटतो. त्याच्याबरोबर पेटीचा तळ पिळू पाहतो. काच थोडी वाकते, नाही असे नाही. पण सोसण्याची हद्द संपली की ती सूचना देत नाही. तशात ह्या पेटीच्या समोरच्या काचेवर काठोकाठ पाण्याचा एकंदर रेटा पावणेतीन क्विंटलांहून जास्त असतो. आधीच ताणलेल्या सांध्यावर एवढा रेटा रात्रंदिवस पडत राहिला, तर तो कोणत्या रात्री सुटेल एवढेच उरते.

पीळ पाणसळीने चटकन दिसत नाही. समोरची कड मोबाईल ठेवून पाहिली तर सपाट निघते. त्या घरी मुलाच्या मित्राने तेवढेच पाहिले होते. पीळ पाहायचा तर स्टँडच्या चारही कोपऱ्यांवरून कर्णरेषेत दोन सुतळ्या ताणून बांधाव्यात. मधोमध दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चारही कोपरे एका पातळीत. मधे फट दिसली, किंवा एक सुतळी दुसरीला दाबू लागली, तर पीळ आहे. एकच कोपरा उचललेला असेल, तर तो जितका उचलला त्याच्या निम्मे अंतर मधोमध दिसते. दोन रुपयांच्या सुतळीने एवढे कळते.

आता ज्यांना घरी मोठी पेटी ठेवायची आहे, त्यांनी काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, जागा. तळमजल्यावर असाल तर बाहेरच्या भिंतीचा कोपरा टाळावा. काळी माती तिथे सर्वांत जास्त हलते. वरच्या मजल्यावर असाल तर हिशेब आणखी कडक आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरलेला असतो. आपली पेटी तिच्याखालच्या जागेवर त्याच्या चौपट बोजा टाकते. म्हणून ती खोलीच्या मध्यावर कदापि ठेवू नये. तुळईवर, भिंतीला लागून ठेवावी, आणि तेही जाणत्या अभियंत्याला विचारून.

दुसरे, स्टँड. चार बारीक पायांपेक्षा पुरी लांब बैठक असलेला, तिरके आधार दिलेला स्टँड चांगला. त्यावर पाण्याने न फुगणारी जाड प्लायवुडची सरळ फळी ठेवावी. पेटीला खालून चौकट नसेल, काचेचा तळ सरळ फळीवर टेकणार असेल, तर मधे थर्मोकोलची किंवा फोमची सलग चादर घालावी; वाळूचा एक खडासुद्धा काचेखाली राहिला तर घात करतो. पेटी चौकटीची असेल तर ती चौकटीवरच उभी राहू द्यावी. तिथे चादर मधल्या काचेला उगाच खालून रेटते.

तिसरे, सपाटी. ती रिकाम्या स्टँडवर साधावी. पाणसळ आधी उलटी करून तपासावी. मग लांबीत, रुंदीत आणि शेवटी कर्णाच्या सुतळ्यांनी पाहावे. कमी असेल तिथे पाचर घालावी ती जमीन आणि स्टँड ह्यांच्या मधे. स्टँड आणि काच ह्यांच्या मधे कधीही नाही. पाचर पुठ्ठ्याची नको. पुठ्ठा ओल धरतो आणि दबतो. धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी पायाच्या पुऱ्या रुंदीखाली सारावी.

चौथे, पाणी. चतुर्थांश पेटी भरून थांबावे. आता पाणी स्वतःच पाणसळ झाले आहे. चारही कोपऱ्यांत पाण्यापासून वरच्या काठापर्यंत पट्टीने माप घ्यावे आणि कागदावर लिहावे. मग अर्धी भरून पुन्हा माप, पूर्ण भरून पुन्हा माप, आणि एक रात्र गेल्यावर पुन्हा. मापे बदलत गेली तर खालचे काहीतरी बसते आहे. अशा वेळी पाणी आधी नळीने उपसावे, मग दुरुस्ती करावी. भरलेली पेटी पहारीने उचकटून पाचर सारू पाहणाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे, तसे करू नका. पेटीबरोबर हातही जातो.

पाचवे, आणि हे खास आपल्या मुलखासाठी. काळ्या मातीवर एकदा साधलेली सपाटी कायमची नसते. वर्षातून दोनदा मापे घ्यावीत: एकदा अक्षय्यतृतीयेला, जमीन पुरी आकसलेली असते तेव्हा; आणि एकदा पोळ्याला, ती फुगलेली असते तेव्हा. पहिल्या दिवशीचा कागद पेटीच्या मागे चिकटवून ठेवावा, म्हणजे मुलांनाही ताडून पाहता येते. त्या घरच्या मुलाने पुढच्या वर्षी लहान पेटी आणली. ती बसवायला त्याने मिस्त्रीला बोलावले, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी न मागता दिली.

मंडळी, आपला जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण पाण्याच्या दृष्टीने तो फार पूर्वीपासून एक आढे आहे. इथल्या डोंगरावरून काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. अडाण, अरुणावती, पूस ह्या दुसऱ्या अंगाने पैनगंगेकडे उतरतात, आणि त्यांचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचते. माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात. ज्या मुलखात जमिनीचा एवढासा ढाळ एवढा फरक करतो, तिथे तीन सुतांनी एक पेटी फुटली आणि चार घरांचा पोळा अडला, ह्यात नवल नाही.

एक शेवटचे सांगून थांबतो. पेटी, मासे, दिवे, पंप ह्यांवर माणूस हजारो रुपये खर्च करतो आणि ती बसविणाऱ्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर घासाघीस करतो. ही घासाघीस महागात पडते. तुमच्याकडे काम करणाऱ्या गवंड्याला, रेजाला विचारा की बाई, दादा, तुमची नोंदणी झाली आहे का? १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला, आणि वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराची नोंदणी व्हावी असे त्यात ठरविले. पुष्कळांना हे अजून कोणी सांगितलेलेच नाही. आणि आमच्या कामगार बंधूंना आमचे सांगणे असे की, खाली काळी माती लोटली जात असेल तर दोनदा बोला, तीनदा बोला. फरशी घातल्यावर ती माती कोणाला दिसत नाही, पण श्रावणात ती आपले म्हणणे वर आणतेच.

व्यासपीठामागे आम्ही एक नळी आणि एक सुतळी ठेवली आहे. ज्यांना हातात घेऊन पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे. मिस्त्री स्वतः आले आहेत, ते दाखवतील.